मॅविसच्या पिशवीतली पाचर

चर्चच्या वार्षिक उत्सवात लव्हाळ्याच्या गवताने रचलेला गाडा गडी दोरांनी ओढत गावातून नेतात, तेव्हा मॅविस ऑर्मरॉड सगळ्यात मागे चालते. आयुष्यभर तिने लाकडी तळाचे बूट घडवले. गाडा ओढणाऱ्या निम्म्या गड्यांच्या पायांत तिचेच बूट असतात, पण ती स्वतः दोराला हात लावत नाही. खांद्याला बाजाराची पिशवी आणि पिशवीत लाकडाची एक मोठी पाचर.

"दार अडवायला निघालीस का गं?" मागच्या, म्हणजे उतारावर गाडा रोखून धरणाऱ्या दोराचा म्होरक्या क्लाइव्ह दरवर्षी विचारतो.

"तुझं तोंड अडवायला. फार रुंद झालंय."

आज सकाळीही हेच झालं. मी हसले नाही. दोन माणसांएवढ्या उंच रचलेल्या लव्हाळ्यावर, अगदी टोकाला, यंदा माझी मुलगी नेल पांढऱ्या झग्यात बसली होती. अकरा वर्षांची. मी चर्चपासून गाड्याच्या बाजूने चालत होते, मान वर करून.

टेकडीवरच्या दारूच्या गुत्त्यापाशी गाडा थांबतो. तिथे एकेक ग्लास रिचवून पुढचे गडी मागे जातात, मागचे पुढे येतात. उताराआधी हातांना विश्रांती म्हणून हा जुना रिवाज. पण खाली कापडबाजाराच्या कमानीत यंदा फोटो काढणारे उभे होते. मागचे रिवाजाप्रमाणे पुढे आले. पुढचे मात्र फोटोत यायच्या मोहाने हललेच नाहीत. प्रत्येकाला वाटलं, मागे दुसरे आहेत.

गाडा उताराला लागला आणि मला मागचा दोर दिसला. दगडी रस्त्यावर नुसताच घसटत येत होता. त्याच्या टोकाला कोणी नव्हतं.

वर नेल कमानीकडे बघून हात हलवत होती. चाकांचा खडखडाट वाढला. पुढचे गडी वळून बघायला लागले, मग दोर टाकून भिंतींकडे पळाले. क्लाइव्ह तेवढा उभा राहिला, दोन्ही हात पुढे करून, जणू हातांनी थांबणार होता तो.

मॅविस धावलेली मी कधी पाहिली नव्हती. तिच्या बुटांचा टक टक टक आवाज माझ्या मागून आला, पुढे गेला. ती गुडघ्यांवर पडली आणि तिने पाचर चाकाखाली सारली. गाडा उचलला गेला, कलला, तिरका होऊन भिंतीला टेकला. थांबला. लव्हाळं सगळ्यांच्या डोक्यांवर पडलं.

कललेल्या गाड्यावरच्या लव्हाळ्यातून नेलने डोकं बाहेर काढलं. "आई, पाहिलंस? किती जोरात गेलो!"

क्लाइव्ह रस्त्यावर बसून रडत होता. मॅविसच्या तळहाताची सालटी निघाली होती.

"उद्या ती चढणार नाही," मी म्हणाले. उद्या गाड्याचा दुसरा दिवस. "कध्धीच नाही चढणार."

"आई!" नेल किंचाळली.

"माझी बहीण बसायची वर," मॅविस म्हणाली. "एकदा असाच सुटला होता. भिंत होती म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी परत चढली, ढालगज. तेव्हापासून मी मागे चालते." तिने पाचर माझ्या हातात ठेवली. "माझ्या गुडघ्यांनी आज राजीनामा दिला बाई. उद्या ही तू घे. मग ठरव."

पाचर आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. चाकाच्या लोखंडी धावेचा वण इतका खोल की त्यात माझा अंगठा मावतो. नेलचा पांढरा झगा मी उद्यासाठी धुऊन वाळत घातलाय. माझे सपाट तळाचे बूटही शोधून दाराशी ठेवलेत. त्यांत मला पळता येतं.