आप्पांचा आवाज रेकॉर्ड केला तेव्हा

हॅकेथॉन शनिवार-रविवारी होती आणि मंगळवारी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घशाचं ऑपरेशन. कॅन्सर होता, स्वरयंत्रच काढून टाकणार होते. त्यानंतर ते बोलू शकणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या आमच्या कंपनीत हॅकेथॉनचं खूळ नवीनच होतं. दोन दिवस ऑफिसातच मुक्काम ठोकायचा आणि काहीतरी बनवून साहेबांना दाखवायचं. जिंकेल त्याला अमेरिकेला पाठवणार, अशी कुजबुज होती. माझा मात्र घरी एक साइड प्रोजेक्ट चालला होता. बटण दाबलं की आप्पांच्याच आवाजातलं वाक्य वाजेल, असा साधा प्रोग्रॅम.

"साइड प्रोजेक्ट काय, कधीही करता येतो," माझ्या शेजारी बसणारा म्हणाला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी आई-आप्पांकडे जायला दौंडची गाडी पकडली.

आप्पा लोको शेडमधून रिटायर झालेले फिटर. मूळचे शिरूरकडचे. सगळी नोकरी रेल्वेत गेली तरी बोली तसूभर हलली नव्हती. आईला हाक मारायची तर "आगं ए, मेलीस का काय?" अशी. शनिवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माइकसमोर बसले. मी म्हटलं, "आप्पा, आईकडं पाणी मागता तसं मागा." त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "कृपया मला पाणी द्यावे."

"असं नको. नेहमीसारखं बोला."

"कॉम्प्युटरात कायमचं ऱ्हाणार हाय ना? मग शुद्ध नको व्हय? लोकं गावंढळ म्हंतील."

सगळी वाक्यं तशीच झाली. घरामागच्या रुळांवरून मालगाडी आली की थांबायचं, गेली की पुन्हा सुरू. थुंकीतून रक्त पडत होतं, तरी चुकलेलं वाक्य ते परत म्हणत. मला राग येत होता, पण त्या अवस्थेतल्या माणसाशी वाद घालणं जिवावर आलं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा तो हॅकेथॉन जिंकला आणि अमेरिकेला गेला. मला जळजळ झाली, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशननंतर आप्पांनी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा आई भाकरी थापत होती. "कृपया मला पाणी द्यावे." तिनं वळूनही पाहिलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"बंद कर रं त्यो रेडिओ," आई मला म्हणाली.

आप्पांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. पुढं काही हवं असलं की ते पेल्यानं भिंतीवर ठोकत. वर्षभरात तेही थांबलं.

आई अधूनमधून म्हणते, "त्यांचा आवाज लाव की." मी लावतो. ती पदर तोंडाला लावून ऐकते.

"ह्यो न्हवं," म्हणते, "त्यांचा लाव."