पाणथळीतील चाकाची रेघ

पक्षी अभयारण्याच्या पाणथळीतून जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यावर मोटारींना मनाई आहे. सायकल तेवढी चालते. सात वर्षांपूर्वी सरूबाईंचे यजमान सायकलवरून तेथे गेले, ते परतले नाहीत. त्यांना मयत ठरवण्याचा अर्ज मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला आहे. परंतु बाई अंगठा देईनात.

"भाऊ, रोज सकाळी त्यांच्या चाकाची रेघ उमटते तिथं."

पक्षकाराचा भ्रम दूर करणे हेही अर्जलेखकाचे कर्तव्य समजून मी पहाटे सायकल काढली.

"तुमच्याआधी आज कुणीच आत गेलं नाही, साहेब," फाटकावरचा रखवालदार म्हणाला.

ओल्या मुरमावर माझ्यापुढे एक ताजी रेघ होती. दोन्ही बाजूंस पाणी निश्चल होते आणि एकही पक्षी बोलत नव्हता. सपाट प्रदेशात कोणालाच लपता येत नाही. म्हणूनच तेथे जो दिसत नाही, त्याचे भय अधिक वाटते. मी थांबलो. पुढे कोठेतरी मुरूम करकरत राहिला.

कचेरीबाहेर सरूबाई माझी वाट पाहत होत्या. "तुम्ही शिकलेले. कुणी नाही म्हणालात, तर लावते अंगठा."

मी शाईचे ओले पॅड टेबलाखाली सरकवले आणि ते वाळले असल्याचे त्यांना सांगितले.