बंदर येईपर्यंत
डिझेलचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास एकत्र आला की मला सिंगापूरच्या हार्बरफ्रंट धक्क्यावरून इंडोनेशियातल्या बाटम बेटाला निघालेली ती फेरीबोट आठवते. आम्ही तिथे नवीनच होतो आणि आमच्या मजल्यावर राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या इंग्रज आजी सोबत आल्या होत्या. मध्येच समुद्र खवळला, उलट्या करून माझी छोटी लेक मलूल झाली आणि "मम्मा, बोट स्टॉप कर ना लाह," असं तिथल्या मुलांकडून उचललेलं 'लाह' शेवटी जोडत रडू लागली. मला तर काही सुचेनाच. आजींनी तिला मांडीवर घेतलं, ओल्या रुमालानं तिचं तोंड पुसलं आणि एक ओडिया अंगाई गुणगुणायला सुरुवात केली. त्यांचे वडील इंग्रजांच्या काळात ओरिसात बाप्टिस्ट मिशनरी होते, आणि ही अंगाई लहानपणी त्यांना सांभाळणाऱ्या तिथल्या आयाबाईनं म्हटलेली. लेक झोपल्यावर त्या हलक्या आवाजात सांगू लागल्या, "वडील कामासाठी मागे राहिले, आणि आई आम्हा चार मुलांना घेऊन एकटी बोटीनं विलायतेला निघाली. वाटेत माझा तान्हा भाऊ तापानं गेला. त्याला समुद्रातच सोडावं लागलं. त्या संध्याकाळीसुद्धा आईनं आमचे केस विंचरले, प्रार्थना म्हणवून घेतली आणि आम्हाला कुशीत घेऊन निजवलं." मी विचारलं, "तुमच्या आई रडल्या नाहीत?" आजी म्हणाल्या, "रडली ना. बंदरावर तिची आई न्यायला आली होती, तिच्या गळ्यात पडून रडली. तोवर तिला आम्हा तिघांना सांभाळायचं होतं." त्या माउलीला मी कधी पाहिलं नाही, पण आजही घरात कुणी आजारी पडलं आणि माझा धीर सुटायला लागला की मला तीच आठवते, आणि माझे हात कामाला लागतात.