बाबांचा उपवास

माझे बाबा जॉकी होते. ऐन उमेदीत ते अडथळ्यांच्या शर्यतीत घोड्यांना कुंपणांवरून उड्या मारायला लावायचे. दोनदा खांद्याचं हाड मोडलं, पण वजन कधी वाढू दिलं नाही. सत्तरीतही त्यांचं जेवण म्हणजे अर्धी पोळी आणि वाटीभर ताक. पण आपल्या लोकांत रेस म्हणजे जुगार. म्हणून इथे अमेरिकेत, अल्फारेटात, मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की बाबा सरकारी नोकरीत होते.

ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा एका मित्राकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून न्यायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. बाबांनी पुरी-पुलावाला हातही न लावता नुसतं ताक घेतलं. मित्राच्या आईने विचारलं, "काहीच घेतलं नाहीत?" बाबा खरं काय ते सांगून टाकतील या धास्तीने मी मध्येच बोललो, "आज उपवास आहे त्यांचा."

त्या माउली भरल्या ताटावरून उठल्या. वऱ्याचा भात आणि दाण्याची आमटी करून आणली आणि वर सढळ हाताने तूप वाढलं. आयुष्यभर घास मोजून जेवलेल्या माणसाने तो डोंगर मुकाट्याने संपवला. मी समोरच पुरी खात होतो, निर्लज्जासारखा.

परतताना गाडीत बाबांनी कमरेचा पट्टा जरा सैल केला आणि ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांगत जा रे, कसला उपवास आहे ते. आणि मी नोकरीला कुठल्या खात्यात होतो, तेही."