डाव्या बाजूची चिरचिर

मला शौकीन माणसांचा राग येतो. गाण्याचा शौक असणाऱ्यांचा नाही, आपल्याला शौक आहे हे चार माणसांत दाखवत फिरणाऱ्यांचा. सेलूत रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात माझं आयुष्य गेलं, त्यामुळं असली मंडळी मी लय जवळून बघितलीत. ह्यांना स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा ते कळत नाही, पण आवाजाला रंग, वजन, खोली सगळं दिसतं. त्यातल्या दोघांनी यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या दोस्ताच्या घरी जे शहाणपण पाजळलं, ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

दोस्त वीज खात्यात होता. निम्मी नोकरी येलदरीला झाली आणि रिटायर झाल्यावर त्यानं सेलूत घर बांधलं. त्याच्याकडं दोन जुने इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन होते. दोन्ही जपानी, चौकोनी, तपकिरी, जुळ्या भावांसारखे. साध्या हेडफोनात चुंबक आणि कॉइल असते, ह्यात तसलं काही नसतं. दोन जाळ्यांच्या मधी कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा ताणलेला असतो, आणि त्या पडद्याला शेकडो व्होल्ट पुरवायला एक वेगळा डबा लागतो. पाठीमागून सगळं उघडं असतं, त्यामुळं जेवढा आवाज कानात जातो जवळजवळ तेवढाच बाहेर सांडतो.

दुपारचं जेवण झालं की दोस्त खाटेवर बसायचा आणि त्यातला एक डोक्याला लावायचा. वहिनी खाली फरशीवर, खाटेला टेकून, सुपात ज्वारी नाहीतर तूर निवडत बसायच्या. वीस-बावीस वर्षं मी हेच बघत आलो. कधी वायर तुटायची, कधी गादी फाटायची. मी जायचो, ह्याची गादी त्याला, त्याची वायर ह्याला, असं करून दोन्ही चालू ठेवायचो, चहा प्यायचो आणि दुकानात परत यायचो.

गेल्या दिवाळीनंतर दोस्त वारला. जाण्याआधी त्यानं म्हणून ठेवलं होतं, की एक हेडफोन परभणीच्या मित्रांना द्या. मित्र म्हणजे हेच दोघं, तसला डबा त्यांच्याकडंही होता. एक रिटायर्ड इंजिनियर आणि एक दाताचे डॉक्टर. वहिनींनी त्यांना बोलावलं, मलाही बोलावलं. दोन्ही हेडफोन टेबलावर मांडले आणि म्हणल्या, "एक तुमी न्या. पण ते ज्याच्यातून ऐकायचे, तो मला राहू द्या. दोन्ही सारखेच दिसायलेत. कोणता ते तुमीच सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही उलटेपालटे करून बघितले, पण मला काही कळेना. ह्याचं त्याला लावणारा मीच, मग ओळख राहणार कुठून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढं काय अवघड आहे," इंजिनियर म्हणाले. "तुमचे साहेब म्हणजे दर्दी माणूस. ते भारीतलाच ऐकत असणार. आम्ही दोन्ही ऐकून भारी कोणता ते ठरवतो. तो तुमचा."

ठरवायला बसले म्हणजे काय थाट. इंजिनियरनं पिशवीतून स्वतःची सीडी काढली, सोबत फडकं आणलेलं, त्यानं ती पुसली. डॉक्टरनं वही काढली, पानावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला 'पहिला' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'दुसरा'. ख्याल लागला. पहिला हेडफोन आळीपाळीनं दोघांच्या डोक्यावर, दोघांचे डोळे मिटलेले.

तेवढ्यात वहिनी आतून म्हणल्या, "नळ आले," आणि भांडी घेऊन धावल्या. आमच्याकडं नळ आले की सगळी गल्ली एकदमच मोटार लावती. डोक्यावरचा पंखा इतका मंद झाला की पाती मोजून घ्यावीत. खाली बसल्या-बसल्या मला घाम फुटला. ह्या दोघांना मात्र पंख्याचं काही सोयरसुतक नाही.

"आवाज दमलाय," डॉक्टर म्हणाले आणि लिहिलं.

"तंबोरा मागच्या खोलीत गेलाय," इंजिनियर म्हणाले. डॉक्टरनं तेही लिहिलं.

पाऊण तासानं नळ गेले. मोटारी बंद झाल्या, पंखा गरगरायला लागला. मग ह्यांनी दुसरा लावला. डॉक्टरची मान डोलायला लागली. इंजिनियर म्हणाले, "अहाहा. समोर बसून गायल्यासारखं. काय खोली, काय मोकळेपणा." वहीत दुसऱ्या बाजूला जागा पुरेना, तेव्हा त्यांनी पान उलटलं.

मला राहवेना. म्हणलं, "साहेब, पहिला ऐकताना व्होल्टेज पडलं होतं. डबा चालतो घरच्या लायटीवर. लाइट कमी आली की पडद्यावरचा दाब कमी, मग आवाज दमणारच. पहिला आता परत ऐका."

"कान खोटं बोलत नसतात," इंजिनियर म्हणाले. हा माणूस इंजिनियर होता, हे मी मुद्दाम परत सांगतोय.

मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ते बघणं मला आधी कळलं नाही. इंजिनियर खाकरले आणि वहिनींना म्हणाले, "मी काय म्हणतो, माणसाचा हात सवयीच्याच वस्तूकडं जातो. तुमचे साहेब साधा माणूस. ते पहिलाच ऐकत असतील. तो तुम्ही ठेवा, दुसरा आम्ही नेतो." तासाभरापूर्वीचा दर्दी माणूस साधा झाला. माझ्या तोंडात शिवी आली होती. वहिनी समोर होत्या म्हणून गिळली.

वहिनी पाणी भरून येऊन आपल्या जागेवर बसल्या होत्या, सूप मांडीवर. खाटेवर डॉक्टर बसलेले, दुसरा हेडफोन अजून त्यांच्या डोक्यावर, गाणं चालू. वहिनींचा हात थांबला.

"हा त्यांचा हाय," त्या म्हणल्या.

"कशावरून?" इंजिनियरनं विचारलं.

"डाव्या अंगानं चिरचिर येती. बारीक. सुपातून ज्वारी घसरल्यासारखी. मी डावीकडंच बसायचे की."

मी उठलो आणि डॉक्टरच्या डाव्या कानाजवळ कान नेला. खरंच चिरचिर होती. पडद्याला धूळ लागली की येते तशी, नखाएवढी. दोस्तानं कधी तक्रार केली नव्हती, आणि इतकी वर्षं तो हेडफोन हातात धरून मला ती ऐकू आली नव्हती.

पुढचं तर ऐकाच. डॉक्टरनं डाव्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "हो हो, मला मघाशीच जाणवली होती." वहीत तसं एक अक्षर नव्हतं. इंजिनियर म्हणाले, "म्हणजे हा नादुरुस्त निघाला." लगेच पहिला परत लावला. पंखा जोरात होता, आणि मघाचा दमलेला आवाज एकदम ताजातवाना झाला. "अहाहा," इंजिनियर म्हणाले, "समोर बसून गायल्यासारखं." तेच शब्द, तीच मान. डॉक्टरनं वहीत वरचा 'पहिला' खोडून 'दुसरा' केला, 'दुसरा' खोडून 'पहिला', आणि दोघं पहिला हेडफोन टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. ह्यांच्या हातात कुणी ऊस दिला असता तरी कानाला लावून मान डोलावली असती.

ते गेल्यावर मी वहिनींना म्हणलं, "एकदा घालून बघा. तुमची पण खात्री होईल."

"मी?" वहिनी म्हणल्या. "मी कधी घातलाच न्हाई."

"एवढ्या वर्षांत?"

"त्यांनी कधी विचारलं न्हाई." मग सूप बाजूला ठेवत म्हणल्या, "तुमी बी कधी विचारलं न्हाई, भाऊजी."

रागानं म्हणल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. मघापासून मी त्या दोघांना मनात शिव्या घालत होतो. मी कोण मोठा लागून गेलो होतो? वीस-बावीस वर्षं त्या घरात स्क्रूड्रायव्हर घेऊन जायचो, दुरुस्त झाला की आधी मी ऐकायचो, मग दोस्त ऐकायचा, आणि वहिनींनी चहा आणायचा. त्या खोलीत तिसरं माणूस ऐकत बसलंय, हे आम्हा दोन दीडशहाण्यांच्या डोक्यातही आलं नाही. मला माझीच किळस आली.

वहिनींनी दोन्ही हातांनी हेडफोन धरून घातला. मी गाणं लावलं. अर्धा मिनिट त्या तशाच बसल्या, मग काढला.

"लय मोठा आवाज हाय," त्या म्हणल्या. "चांगला हाय. पण हा त्यांचा न्हाई."

"वहिनी, हेडफोन तोच आहे."

"आतून आसंल. मला बाहेरचाच ठाऊक हाय." त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला. "तुमी बसा खाटेवर. डोक्याला लावा."

मी बसलो. वहिनींनी सूप ओढलं, खाटेच्या डाव्या अंगाला टेकल्या आणि ज्वारी निवडायला लागल्या. मी समोरच्या भिंतीकडं बघत राहिलो, खाली बघायची माझी हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"जरा मोठा करा, भाऊजी," वहिनी म्हणल्या. "मला ऐकू यावा म्हणून ते मोठा ठेवायचे."