गुरुवारचा निरोप

"एक वेड्यासारखं विचारू का?"

मावशी शाळेतल्या मुलीसारखं एक बोट वर करायच्या आणि हे म्हणायच्या. मग आमच्या ऑफिसातले सगळे कीबोर्डवरचे हात उचलून घ्यायचे. मावशींचा वेडा प्रश्न आला की दोन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं, हे आम्हांला एव्हाना कळलं होतं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, अगदी परवानगी घेऊन तुमची विकेट काढणारं.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. तो मिळाला नसता तरी मी त्या काढल्याच असत्या, असं माझा नवरा म्हणतो. अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडमध्ये आमची एक छोटी संस्था आहे. मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेले आम्ही सात-आठ जण आफ्रिकेतल्या सरकारी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. त्यातला एक जिल्हा लेसोथोमधला. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला हा डोंगराळ देश, आणि एचआयव्हीनं न शिवलेलं कुटुंब तिथे सापडणं कठीण. गोळ्या रोज घेतल्या तर माणूस नातवंडं बघतं. गरोदर बाईनं घेतल्या तर बाळ बहुतेक वेळा सुटतं. फक्त खंड पडता कामा नये. कोण गोळ्या न्यायला आलं आणि कोण आलं नाही, हे आमचं सॉफ्टवेअर सांगायचं. आमच्यापैकी एकानंही तो जिल्हा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

मावशी तिथे सव्वीस वर्षं राहिलेल्या होत्या.

आमची ओळख झाली ती कॉम्प्लेक्समधल्या टपालपेट्यांपाशी. मी फोनवर तावातावानं सांगत होते, की पेशंटच्या पत्त्यात पिनकोड कंपल्सरी हवाच. शेजारी साडीवर रेनकोट आणि पायात बूट घातलेल्या एक बाई कुपनांचे कागद चाळत उभ्या होत्या. मी फोन ठेवल्यावर त्यांनी बोट वर केलं.

"एक वेड्यासारखं विचारू का? कुठला जिल्हा म्हणालीस?"

मी सांगितलं. त्या हसल्या. "तिथे रस्त्यालाच नाव नाही बाप्पा, पिनकोड कुठून आणशील?" आणि त्यांनी मला तिथला एक पत्ता तोंडपाठ म्हणून दाखवला: पीठगिरणीपासून खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा, तांबड्या पत्र्याच्या घरी विचारायचं, कुत्रं चावत नाही. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना ऑफिसात घेऊन गेले. महिन्याभरात आमच्या सॉफ्टवेअरमधला पिनकोड गेला आणि तिथे एक लांबलचक रिकामा चौकोन आला. त्यात नर्सबाई कुत्र्याच्या स्वभावासकट पत्ता लिहू लागल्या.

मूळच्या त्या नागपूरच्या, महाल भागातल्या. नर्सिंग शिकलेल्या. नवऱ्याला लेसोथोत गणिताच्या मास्तरची नोकरी लागली म्हणून पाठोपाठ गेल्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात चिकटल्या. नवरा गेला, रिटायर झाल्या, आणि लेकीनं इकडे आणलं. दर शुक्रवारी ऑफिसला येताना डब्यात कोथिंबीर भरलेली नागपुरी सांबारवडी असायची. आमचा मॅनेजर शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये वाढलेला मराठी मुलगा. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. तो तिसरी वडी उचलताना म्हणायचा, "मावशी, धिस इज नॉट फेअर." मला मात्र त्या नावानं हाक मारायच्याच नाहीत. "काय पुणेकर, आज कोणाची चूक काढून राहिलीस?" असं विचारायच्या.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "गोळ्या जिल्ह्यापर्यंत पोचायच्या आधी आम्ही नर्सा काय करायचो माहीत आहे? अंग पुसायचो अन् हात धरून बसायचो." मग गोळ्या आल्या, तर लोक त्या लपवायला लागले. खाणीवर कामाला जाणारा एक माणूस तपकिरीच्या डबीत गोळ्या ठेवायचा. ते ऐकून मॅनेजरनं पेशंटना रंगीत पिलबॉक्स पाठवायची आयडिया काढली होती. मावशींनी नुसतं बोट वर केलं आणि ती आयडिया जागच्या जागी मेली.

आता मी माझ्या चुकीकडे येते. दुसऱ्यांच्या पुष्कळ सांगून झाल्या.

गेल्या वर्षी इकडून तिकडे जाणारी मदत आटली. घरोघरी फिरून पेशंटची विचारपूस करणाऱ्या बायकांच्या नोकऱ्या गेल्या. डोंगर चढून कुणाच्या दारात जाणारं माणूसच उरलं नाही. आम्ही म्हटलं, काही हरकत नाही, आपण मेसेज पाठवू. गोळ्या न्यायची तारीख जवळ आली की फोनवर आपोआप निरोप जाईल. आजाराचं नाव नको, औषधाचं नाव नको, एवढी अक्कल आम्हांला होती. तिथल्या भाषेत साधं वाक्य बनवलं: गुरुवारी दवाखान्यात यायला विसरू नका.

त्या मीटिंगमध्ये मावशींचं बोट वर गेलं होतं. मीटिंग मी घेत होते. रिलीज दोन दिवसांवर आलेलं, डोक्यात नुसता गलका. मी म्हटलं, "मावशी, हे आपण शेवटी घेऊ या हं." त्यांनी बोट खाली घेतलं. शेवटी वेळच उरला नाही, आणि मी विचारायला विसरले.

गुरुवार हा त्या दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांचा वार होता. खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. शिवाय अर्ध्या घरांत फोन एकच, आणि तो घरातल्या मोठ्या माणसाकडे. रेडमंडमध्ये प्रत्येकाच्या खिशात आपापला फोन असतो, तो आपल्या तोंडाकडे बघून उघडतो. आम्हांला दुसरं काही सुचलंच नाही.

तीन आठवड्यांनी स्क्रीनवर एक ओळ लाल झाली. आम्हांला पेशंटचं नाव दिसत नाही, नुसता नंबर. गोळ्या न्यायला न आलेली बाई, सातवा महिना. तिथला दवाखाना आता मावशींच्याच हाताखाली शिकलेल्या सिस्टर सांभाळतात. त्यांनी कॉलवर सांगितलं की निरोप सासूच्या फोनवर गेला आणि सासूनं तो शेजारणीकडून वाचून घेतला. नवरा सीमेपलीकडे खाणीवर. बाई एक गाठोडं घेऊन घरातून निघाली, दोन पोरं आजीकडेच राहिली. कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. गोळ्या थांबल्या होत्या, आणि बाळंतपणाला फार तर दहा आठवडे होते.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी मला एक शब्द ऐकवला नाही, आपल्या वहीचं पान उलटलं आणि सिस्टरना विचारलं, "ती कोंबड्यांवाली का?" सिस्टर हो म्हणाल्या. मावशी पेशंटला नंबरानं बोलवत नसत आणि नावानंही नाही. प्रत्येकाला एक टोपणनाव असायचं. या बाईनं पहिल्या बाळंतपणानंतर दवाखान्याला दोन कोंबड्या आणून दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मावशी सकाळी सहाला माझ्या स्वयंपाकघरात. आपल्याकडे सहा म्हणजे तिकडे दुपारचे चार. लेकीच्या घरी नातवंडं झोपलेली असायची, म्हणून माझ्याकडे. घरी मात्र "फिरायला जाते" असंच सांगून निघायच्या. बाहेर पाऊस, त्यांचा रेनकोट माझ्या खुर्चीवर टपटप गळतोय, आणि या फोनवर सोथो भाषेत कुणाच्या तरी गुडघ्यांची चौकशी करतायत. मग गुरांची. मग पावसाची. मी चहा करता करता चडफडायचे.

"मावशी, मुद्द्यावर या की."

"मुद्दा कुठे पळून चालला आहे? आधी माणूस तर बोलू दे."

दवाखान्याचं नाव त्या कधीच काढत नसत. "तिची मावशी बोलते, लांबून. कोंबड्यांचं विचारायचं होतं," एवढंच. सोलरवर लोकांचे फोन चार्ज करून देणाऱ्या दुकानदारानं सांगितलं, की ती टॅक्सीत बसली. टॅक्सीवाला सापडायला नऊ दिवस लागले. त्यानं तिला राजधानीत, कपड्यांच्या कारखान्यांजवळ सोडलं होतं. तिथून पुढे मावशींनी चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांना धरलं. रोज एक बाई दुसरीचा नंबर द्यायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी आठवडे खोडत होते.

एक दिवस फोन लागला आणि मावशींनी ना गुडघे विचारले, ना गुरं. नुसत्या ऐकत होत्या. मग दोन-तीन वाक्यं हळू बोलल्या आणि फोन ठेवला.

"कोण होतं?"

"तीच. दूरच्या मावसबहिणीकडे आहे."

"काय म्हणाली?"

"विचारत होती, बाळ वाचेल का."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, आज दवाखान्यात जा अन् आजची गोळी घे. उद्याचं मी उद्या विचारीन."

आणि त्यांनी खरोखर रोज विचारलं. कुठल्या दवाखान्यात पाठवायचं ते सिस्टरनी शोधलं. तिथे गोळ्यांना वेगळा वार नाही ना, याची मावशींनी आधी खात्री करून घेतली. बाळंतपणाला तेव्हा पाच आठवडे उरले होते. तेवढ्यात गोळ्यांचा गुण येतो की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

ऑफिसात आम्ही तो मेसेज काढून टाकला. मावशींच्या सांगण्यावरून आता प्रत्येक पेशंटलाच विचारतात, तुला निरोप काय पाठवायचा? ती यादी तपासायचं काम माझं. 'बूट दुरुस्त झाले, घेऊन जा.' 'गाण्याचा सराव आहे.' 'बकरीचं काय ठरलं?' माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं खोटं एका जागी वाचलं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षर मी दुरुस्त केलं नाही.

एका सकाळी माझा बांध फुटला. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी तुम्हांला थांबवलं. तुम्ही हेच विचारणार होतात ना? बोला मला काय बोलायचं ते."

त्यांनी कप खाली ठेवला. "तू थांबवलंस ते काही नाही. तिकडे मला डॉक्टर थांबवायचे, मंत्री थांबवायचे. मी थांबत नव्हती. त्या दिवशी थांबली. म्हटलं, पोरं बिझी आहेत, आपण पाहुणे." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "इथे येऊन मी सभ्य झाली गं."

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी रडलो. मला माझ्या आईबद्दलही इतकी माया कधी दाटून आली नसेल, खरं सांगते.

जानेवारीत मुलगी झाली. जन्मल्याबरोबर तिला औषध सुरू झालं. सहा आठवड्यांनी रक्त तपासतात, तोवर वाट बघण्याशिवाय काही करता येत नाही. मावशी रोज येत राहिल्या. बाळ दूध ओढतं का, गोळी घेतली का, झालं. पाचव्या आठवड्यात त्या एक दिवस आल्या नाहीत. मी वाट पाहून चहा पिऊन टाकला. नऊ वाजता त्यांच्या लेकीचा फोन आला. झोपेतच हार्ट अटॅक आला होता.

पुढे मी सहाचा फोन लावत राहिले. मला भाषा येत नाही, त्यामुळे फक्त सिस्टरशी, इंग्लिशमध्ये बोलणं. रिपोर्ट यायला मार्च उजाडला. सिस्टर म्हणाल्या, "निगेटिव्ह." मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा म्हटलं.

मी घरातल्या चपलांवर तशीच पावसात निघाले आणि मावशींच्या लेकीचं दार वाजवलं. तिच्या हातात मुलांचा डबा होता. ती घाबरली.

"काय झालं?"

"बाळ चांगलं आहे," मी म्हटलं. "रिपोर्ट चांगला आला."

"कुणाचं बाळ?"

"आईंच्या ओळखीतल्या एका बाईचं. लेसोथोतलं. रोज सकाळी माझ्याकडे येऊन त्या तिलाच फोन करायच्या."

"आय थॉट शी वॉज वॉकिंग," ती म्हणाली. मग डबा तिथेच जमिनीवर ठेवून माझ्या गळ्यात पडली. खूप वेळानं डोळे पुसत तिनं विचारलं, "नाव काय त्या बाईचं? मी ओळखत असेन कदाचित, मी तिथेच वाढलेय."

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. कितीतरी सकाळी माझ्या टेबलाशी बसून, माझ्या फोनवरून, माझ्यासमोर त्या तिच्याशी बोलल्या होत्या, आणि त्यांनी मला तिचं नाव एकदाही कळू दिलं नव्हतं.