अण्णांच्या तोंडाचा वास

व्यसनमुक्ती केंद्रात माणूस आणला की सगळ्यात आधी त्याची पिशवी रिकामी करतात. अण्णांच्या पिशवीतून त्यांनी दाढीचं ब्लेड काढलं, खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, जादाच्या पायजम्याची नाडीसुद्धा ओढून घेतली. कारण विचारलं तर तिथली परिचारिका म्हणाली, "सुरुवातीला माणूस भानावर नसतो ताई, नाडीची पण भीती वाटते आम्हाला." नाडी काढलेला पायजमा अण्णांनी हातात धरला होता. अशा वेळी मुलीनं कुठं बघायचं असतं, मला माहीत नव्हतं. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहिले.

त्यांना मी तिथं खोटं बोलून आणलं होतं. "बीपी दाखवून येऊ," असं म्हणून करमाडहून निघालो होतो. फाटकावरची पाटी वाचल्यावर ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पत्रकात तर तू अशी फसवाफसवी करत नाईस."

पत्रकं ही आमच्या घरातली गोष्ट. अण्णा चिकलठाण्याच्या एका कंपनीत फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी अंकलिपीच्या आधी पत्रकं वाचायला शिकले. शाळेतून आले की चारशेचारशे पत्रकांच्या घड्या घालायचे, बोटं शाईनं काळी व्हायची आणि मला ती धुवू नयेत असं वाटायचं. पुढं कंपनी बंद पडली, युनियन विरली, अण्णा प्यायला लागले. लिहिणं माझ्याकडं आलं. मी पाण्यावर लिहिलं, रेशनवर लिहिलं, आणि गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणूनही लिहिलं. ते पत्रक अण्णांनीच तपासून दिलं, पिऊन. त्यांनी एकच दुरुस्ती केली. 'दारुडे' खोडून 'दारू पिणारे' केलं. मी छापायला देताना पुन्हा 'दारुडे' करून टाकलं.

केंद्रातल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आईला झापलं. आम्ही त्याआधी घरीच उपचार करून पाहिले होते, म्हणजे अण्णांना खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. "रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर फिट येते, जीव जातो," डॉक्टर म्हणाले. "हे दवाखान्यात, औषधाखालीच करायचं असतं." कडी आई लावायची, पण लावायला मी सांगितलं होतं. आईनं ते डॉक्टरांना सांगितलं नाही. मीही नाही.

सुरुवातीचे दिवस भेटू देत नाहीत. फोनही नाही. हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसतात. अण्णांना बंद पडलेल्या कंपनीचा भोंगा ऐकू यायचा आणि ते चप्पल शोधायचे, असं नंतर परिचारिकेनं सांगितलं. मग अंगातलं विष उतरतं, माणूस जेवायला लागतो, सकाळी व्यायाम, दुपारी सगळ्यांनी गोल बसून बोलणं. आणि मग घरच्यांना बोलावतात.

त्या बैठकीत सतरंजीवर आम्ही सगळे गोल बसलो. पेशंट, त्यांच्या बायका, आया. एकेकीनं सांगायचं की या पिण्यानं आपलं काय झालं. माझ्या आधी सिल्लोडकडची एक बाई बोलली. बोलली म्हणजे, "ह्येंनी एकदा भाकरी फेकून दिली," एवढं म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बसली. मग मी उभी राहिले. बाकी कुणीच उभं राहिलं नव्हतं. मी सरकारच्या महसुलापासून सुरुवात केली. दुकानदार, पुढारी, हप्ते, मग घर, आईच्या अंगावरचे वळ, धाकट्या बहिणीची सुटलेली कॉलेजची परीक्षा, एकामागून एक. आवाज आपोआप चढत गेला. मला थांबावं असं वाटलंच नाही. शेवटी टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "लई भारी बोलली गं पोरगी!"

समुपदेशक बाईंनी टाळ्या थांबू दिल्या. त्या म्हणाल्या, "भाषण चांगलं झालं, ताई. आता खाली बसा आणि सांगा, तुम्हाला काय झालं?"

माझ्याकडं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मुद्द्यांत बसत नव्हतं.

"असू द्या बाई," अण्णा मान खाली घालून म्हणाले. "मुद्दे बरोबर आहेत तिचे."

उपचार संपले तेव्हा बाईंनी सुचवलं की अण्णांनी लगेच घरी जाऊ नये. करमाडला बसस्टँडवर उतरलं की दुकान समोर, ओळखीचे चेहरे समोर. काही महिने पडेगावच्या एका घरात राहावं. तिथं अशीच सुटलेली माणसं एकत्र राहतात, आपापलं काम शोधतात, पाळीनं स्वयंपाक करतात, अंधार पडायच्या आत परततात. एक नियम पक्का: कुणी प्यायला तर त्याच दिवशी सामान घेऊन बाहेर.

आई चिडली. "नवरा बरा झाला तर घरी आणायचा का लोकाच्या दारात ठिवायचा? धाकटीची सोयरीक ठरायलीय. सासरचे इचारतील, इवाई कुठंयत, तर काय सांगू?"

अण्णा म्हणाले, "घरी आलो तर पिईन मी. माझं मला ठाऊकंय."

मीच त्यांना पडेगावला सोडून आले. एका सिमेंटच्या दुकानावर त्यांना काम मिळालं. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

धाकटीचा साखरपुडा सिल्लोडला झाला. मुलाकडचे मक्याचे व्यापारी, बोलघेवडी माणसं. अण्णांना न्यायला मी पडेगावला गेले. ते घर सांभाळणारे चाचा पूर्वी ट्रकवर होते, स्वतः अशाच घरातून बाहेर आलेले. ते फाटकापर्यंत आले. "मगरिब के पहले आ जाना, बडे भाई, अंधेरा होने के पहले. आप की रोटी निकाल के रखता मैं." मग माझ्याकडं वळून, "बेटी, फिकर नको करो." मी फिकीर करत होते. अण्णा प्याले तर आज रात्रीचं छप्पर जाणार, धाकटीच्या सासरी बोभाटा होणार आणि आई म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हते?

हॉलमध्ये अंगठ्या घालून झाल्या आणि मुलाच्या मामांनी अण्णांच्या खांद्यावर हात टाकला. "चला इवाई, मागं बसू जरा." आमच्याकडं 'मागं बसू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मुलीच्या बापानं त्या बैठकीला नाही म्हणणं हा पाहुण्यांचा अपमान असतो. अण्णा गेले. आई आतल्या खोलीत धाकटीची साडी सावरत होती. मी जेवणाच्या टेबलांमध्ये उभी राहून मागच्या दाराकडं बघत राहिले. ताटात गुलाबजाम होता, तो तसाच राहिला.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. डोळे लाल, आणि मोठ्यानं हसत होते. मामांनी त्यांच्या गळ्यात हात टाकलेला. मी पुढं झाले आणि त्यांचा दंड धरला.

"अण्णा, आ करा."

"काय गं?"

"तोंड उघडा म्हणते ना."

लोक बघत होते. अण्णांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं. डॉक्टरसमोर लहान मूल उघडतं तसं, जीभ बाहेर काढून. मी जवळ जाऊन वास घेतला. बडीशेप होती. सुपारी होती. आणखी काही नव्हतं.

"काय गं पोरी," मामा म्हणाले, "पोलिसात हायेस का? बापाचा पंचनामा करायली!" माणसं हसली. "अगं, आम्ही लई आग्रह केला, पण ह्यो बाबा थेंब घेईना. म्हणला, माझा जन्माचा कोटा आधीच उचलून झालाय, आता सरकारनं वाढवून दिला तरच घेतो. हसून हसून मेलो आम्ही!"

आणि डोळे? धाकटीच्या बोटात अंगठी गेली तेव्हाच ते लाल झाले होते. मी समोर होते, मी पाहिलं होतं. पण बाप रडूही शकतो, हे तेवढ्या वेळात माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

परतीच्या बसमध्ये फुलंब्रीपर्यंत आम्ही उभेच होतो, तिथं जागा मिळाली. मग मी म्हणाले, "अण्णा, चुकलं माझं."

"तपासावं लागतंच," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी तुझ्या जागी असतो तर मीबी तपासलं असतं." मग म्हणाले, "त्या मामांनी मात्र आता मला पिणारा म्हणून ओळखून ठिवलं."

पडेगावला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. ओट्यावर एक रंगारी, एक रिक्षावाला आणि आणखी दोघंतिघं चपला काढून उभे होते. चाचा एकेकाच्या पुढ्यात जात आणि म्हणत, "फूंको." तो फुंकायचा, चाचा वास घ्यायचे आणि खांद्यावर थाप मारून आत सोडायचे. अण्णा न सांगता रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांची पाळी आली, त्यांनी फुंकलं. मग चाचांनी आपलं तोंड पुढं केलं. "अब मेरा देखो, बडे भाई." अण्णांनी वाकून नीट वास घेतला. "पास!" ते म्हणाले. "फक्त लसुण जादा झालाय." रंगारी आतून ओरडला, "आज भाजी मीच केली होती, शिव्या मला द्या!"

मी फाटकाबाहेर होते. जे मी दुपारी केलं तेच इथं रोज होत होतं. फक्त इथं कुणी एकटा तोंड उघडून उभा राहत नव्हता, आणि तपासणाराही त्यातून सुटत नव्हता. हॉलमध्ये मला, किंवा घरात कधी आईला, कुणी सांगितलं नव्हतं की स्वतःचंही तोंड पुढं कर. अण्णांनी वळून हात केला. मी केला की नाही, आठवत नाही.

करमाडला पोचले तर आई पाहुण्यांच्या जीपमधून आधीच आली होती. परातीत पीठ घेऊन बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "प्याले का गं?"

"नाही."

"तुला कसं ठाऊक?"

मी माठातलं पाणी घेतलं, प्याले. "त्यांनी सांगितलं," मी म्हणाले.

आईचा हात पिठात थांबला. "आन् तू मानलंस?"

"हो."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि पीठ मळायला लागली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिनं मला स्वतःहून वाढलं. मी मान खाली घालून जेवले. अण्णांनी मला काही सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.